पट्टेरी सापाचा घास

वाचकहो, साप दिसला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : हा विषारी की बिनविषारी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चुकले तर कधी माणसाचा जीव जातो, कधी निरपराध सापाचा. पण दुसराही एक प्रश्न आहे. हा साप खातो काय? तो आपण सहसा विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी आपली पक्की समजूत असते. साप दूध पितो, झाले! कोणी दयाळू मुलगा जखमी साप उचलून घरी आणतो, खोक्यात ठेवतो, त्याच्यापुढे दुधाची वाटी सारतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी तो साप मेलेला सापडतो. मारले कोणी? रागाने कोणीच मारले नाही. मारले ते दयेने.

ओळख आणि आहार या दोन प्रश्नांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो सांगण्यासाठी मी साप निवडला आहे तो मात्र आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. त्याचे तेथले नाव ‘गार्टर स्नेक’. तिकडच्या मुलांनी घरी आणलेला साप बहुधा हाच असतो. म्हणून त्याच्या ओळखीविषयी आणि खाण्याविषयी जितके शोधले गेले तितके फार थोड्या बिनविषारी सापांविषयी शोधले गेले असेल.

आधी नावाचे पाहू. पूर्वी युरोपात पुरुष गुडघ्यापर्यंत लांब मोजे घालीत. ते घसरू नयेत म्हणून वर एक रंगीत, पट्टेदार फीत बांधीत. त्या फितीला गार्टर म्हणत. या सापाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबच लांब तीन पट्टे असतात, एक पाठीवर मधोमध आणि दोन कुशींना. ते पाहून वसाहतवाल्या लोकांना आपली मोज्याची फीत आठवली, आणि नाव पडले. आज अमेरिकेत पुष्कळ लोक याला ‘गार्डन स्नेक’, म्हणजे बागेतला साप, म्हणतात. साप बागेत सापडतो आणि शब्दही जवळचा, म्हणून ही अदलाबदल झाली. बोलीभाषा असेच करते, आपल्याकडेही करते.

शास्त्रात हा साप आला तो एका प्रवाशामुळे. स्वीडनमधला थोर निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याचा पेर काल्म नावाचा शिष्य होता. स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्याला उपयुक्त वनस्पती शोधण्यासाठी उत्तर अमेरिकेत पाठवले. १७४८ ते १७५१ अशी सुमारे तीन वर्षे तो तिकडे हिंडला, कॅनडातही जाऊन आला. त्याने परत आणलेल्या नमुन्यांत हा साप होता. १७५८ साली लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. जगातल्या प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत जिच्यापासून मोजतात तीच ही आवृत्ती. तिच्यात त्याने या सापाला ‘सिर्टॅलिस’ असे नाव दिले.

आता गंमत पाहा. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात, लिनियसने आपल्या दोन सापांनाही नावे दिली. एक आपला नाग. दुसरी आपली नानेटी. पावसाळ्यात भाताच्या बांधावर, विहिरीच्या काठी, गवतात दिसणारी, अंगावर दोन पिवळसर पट्टे असणारी, बोटभर जाडीची नानेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिला त्याने ‘स्टोलॅटस’ म्हटले. प्राचीन रोममधल्या कुलीन स्त्रिया जो पायघोळ झगा घालीत त्याला ‘स्टोला’ म्हणत. स्टोला ल्यालेली ती स्टोलॅटस. एका पट्टेरी सापाला लोकांनी मोज्याची फीत म्हटले, दुसऱ्याला शास्त्रज्ञाने वस्त्र नेसवले! पुढच्या काळात शास्त्रज्ञांनी हाडे, दात आणि रक्तातले आनुवंशिक द्रव्य तपासून ठरवले, की ही दोघे एकाच मोठ्या गोतातली आहेत. आपली दिवडही त्याच गोतातली. फरक आहेतच. नानेटी अंडी घालते, गार्टर मात्र जिवंत पिलांना जन्म देतो. पण दोघांची राहणी ओलीची, आणि दोघांनाही बेडूक प्रिय.

बरे, हा साप ओळखायचा कसा? तुम्ही म्हणाल, तीन पट्टे दिसले की झाले. पण शास्त्राचा पहिला धडा हाच, की रंगावर भुलू नये. गार्टरच्या तीसहून अधिक जाती आहेत. कोणाचे पट्टे पिवळे, कोणाचे हिरवट, कोणाच्या कुशीवर तांबडे ठिपके. ईरी नावाच्या मोठ्या सरोवराच्या आसपास तर एकही पट्टा नसलेले काळेभोर गार्टर सापडतात. उलट, पट्टे असूनही गार्टर म्हणून न धरता येणारे सापही आहेत. ‘रिबन स्नेक’ हा त्याचा सख्खा भाऊबंद. अंगाने सडपातळ, शेपूट फार लांब, आणि डोळ्याच्या अगदी पुढे एक पांढरा ठिपका. नवख्या माणसाला दोघे सारखेच दिसतात.

म्हणून लिनियसने रंगाबरोबर खवले मोजले. पोटाखालचे आडवे खवले किती, शेपटीखालचे किती, हे आकडे तो प्रत्येक सापापुढे मांडतो. त्याच्यामागून आलेल्यांनी ही दृष्टी आणखी बारीक केली. साध्या गार्टरच्या कुशीचा पट्टा पोटाकडून मोजल्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या खवल्यांच्या ओळींवर असतो, रिबनचा तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवर. गार्टरचे खवले गुळगुळीत नसून प्रत्येकाच्या मधोमध उभी कंगोऱ्यासारखी रेघ असते. आणि शेपूट सुरू होते तेथे, मलद्वारावर, जो खवला असतो तो गार्टरचा अखंड असतो, तर त्याच पाण्याकाठी राहणाऱ्या अमेरिकन पाणसापांचा दुभागलेला असतो. एवढ्याशा खवल्यावरून निवाडा! शिक्षकबंधूंनी हे मुलांना जरूर सांगावे. नीट पाहणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आपल्याकडे या नीट पाहण्याला जिवाची किंमत आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्या गावाशिवारातले चार मुख्य विषारी साप. कवड्या बिनविषारी, पण अंगावरच्या पांढऱ्या आडव्या पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजून मारतात. डुरक्या घोणस बिनविषारी, पण नावातच घोणस, मग कोण सोडतो? धामण तर शेतातले उंदीर खाणारी शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार. तिची लांबी पाहून माणूस घाबरतो आणि काठी उचलतो. उलटही घडते. घोणशीच्या पिलाला डुरक्या समजून कोणी हात लावतो आणि जन्माचा धडा घेतो. म्हणून नियम असा : ओळखता येत नसेल तर दूर राहावे. मारूही नये, धरूही नये.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. येथे इतिहास एका अनपेक्षित वाटेने जातो. ती वाट सापाकडून निघत नाही. ती निघते कोंबडीकडून.

गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. पाय लुळे पडत, हृदय थकून जाई, माणूस मरे. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिश्चियान आइकमान नावाचा डच डॉक्टर या रोगाचा जंतू शोधत होता. जंतू सापडेना. पण प्रयोगशाळेतल्या कोंबड्या मात्र तसल्याच रोगाने लटपटू लागल्या. चौकशीअंती समजले, की त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. तो बंद होऊन कोंड्यासकट तांदूळ मिळू लागताच कोंबड्या बऱ्या झाल्या. आइकमानला प्रथम वाटले, की पांढऱ्या भातात काही विष असावे. त्याच्या जागी आलेल्या खेरित ग्रिन्स याने १९०१ साली खरा अर्थ लावला : भातात विष नाही, भातातून काहीतरी गेले आहे. ते ‘काहीतरी’ म्हणजे पुढे ज्याला ब-१ जीवनसत्त्व किंवा थायमिन म्हणू लागले ते. १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी त्याच बटाव्हियात ते तांदळाच्या कोंड्यातून शुद्ध रूपात वेगळे केले. आणि १९३६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्स याने ते रसायनशाळेत बनवून दाखवले.

हा विल्यम्स जन्मला कोठे, ठाऊक आहे? आपल्याच देशात, आंध्रच्या किनाऱ्यावरील नेल्लूर येथे, १८८६ साली. त्याचे आईवडील मिशनरी होते. शोधाच्या हक्कातून आलेल्या पैशाचा मोठा भाग आहाराच्या उणिवेतून होणाऱ्या रोगांविरुद्ध लढण्यासाठी एका निधीत गेला. आपल्या कोकणातला आणि गोव्यातला उकडा तांदूळ येथे आठवतो. भात सालासकट उकडला की कोंड्याजवळचे हे सत्त्व दाण्यात आतवर मुरते. आपल्या आजीला थायमिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण पेजेत ते होते!

तुम्ही म्हणाल, याचा सापाशी काय संबंध? थोडा धीर धरा. १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या एका पालकाकडचे कोल्हे मरू लागले. कातड्यासाठी पाळलेले ते कोल्हे. आधी खाणे सोडीत, मग पाय लुळे पडत, झटके येत, आणि संपे. या कोल्ह्यांच्या खाण्यात कच्चा कार्प मासा मिसळलेला होता. संशोधक वर्षानुवर्षे मागे लागले. १९४० च्या सुमारास उलगडा झाला. कोल्ह्यांना थायमिनचा तुटवडा पडला होता. पण त्यांच्या खाद्यात थायमिन कमी नव्हते! काही माशांच्या कच्च्या मांसात एक द्रव्य असते, ते थायमिनचे तुकडे करून टाकते. त्या द्रव्याला थायमिनेज म्हणतात. म्हणजे जेवणातले एक जिन्नस दुसऱ्या जिन्नसाला खाऊन टाकीत होते. मासा शिजवला की ते द्रव्य उष्णतेने नष्ट होते आणि धोका टळतो. त्या रोगाला अजूनही चॅस्टेकचा पक्षाघात म्हणतात.

आता आपल्या पट्टेरी सापाकडे या. गार्टर मासे आवडीने खातो. ज्याच्या घरी असा साप असे तो दुकानात जाऊन सर्वांत स्वस्त मासा आणी. कोणता? गोल्डफिश, किंवा गळाला लावण्यासाठी विकले जाणारे बारीक मासे. हे कार्पच्याच कुळातले. गोल्डफिशमध्ये आणि या बारीक माशांपैकी अनेकांत थायमिनेज असते. साप भराभर खाई, पोट भरलेले दिसे, मालक खूश. काही महिन्यांनी साप थरथरू लागे, डोके वेडेवाकडे फिरवी, उलटा पडला तर सरळ होता येत नसे, शेवटी झटके येऊन मरे. जावातली कोंबडी, मिनेसोटातला कोल्हा आणि खोक्यातला साप, तिघांचे दुखणे एकच! पोट भरलेले, आणि तरीही उपासमार. वेळेवर ओळखले तर पशुवैद्य थायमिन टोचून सापाला वाचवू शकतो. उशीर झाला तर इलाज नाही. ट्राउट, सामन यांसारख्या माशांत हा दोष नाही, म्हणून जाणकार पालक ते देतात.

तर मग निसर्गात हा साप वाचतो कसा? कारण तो तेथे एकच पदार्थ जन्मभर खात नाही. गांडूळ, बेडूक, गोगलगायीच्या जातीचे बिनशंखी किडे, लहान मासे, कधी उंदराचे पिलू, जे मिळेल ते. मिश्र आहार हाच त्याचा वैद्य.

पण येथेही ‘साप’ म्हणून सरसकट बोलून चालत नाही. १९६० नंतरच्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट या संशोधकाने एक सोपा प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या, एकदाही काही न खाल्लेल्या पिलांपुढे त्याने कापसाचे बोळे धरले. एक गांडुळाच्या अर्कात बुडवलेला, एक माशाच्या, एक उंदराच्या, असे निरनिराळे. पिले जीभ लपलपवून वास घेत, आणि आपल्या जातीच्या नेहमीच्या भक्ष्याचा वास आला की सरळ बोळ्यावर झडप घालीत. आईने शिकवलेले नाही, कोणी दाखवलेले नाही. भूक रक्तातून आलेली होती. पुढे १९७७ साली स्टीव्हन अर्नोल्ड याने आणखी पुढचे दाखवले. कॅलिफोर्नियाच्या दमट किनाऱ्यावरच्या गार्टरची पिले बिनशंखी गोगलगाय चटकन खातात. त्याच जातीची, पण आतल्या कोरड्या मुलखातली पिले तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. साप तोच, गाव वेगळे, घास वेगळा.

आता पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न कसे एकमेकांत गुंतले आहेत ते ध्यानात येईल. कोणी रिबन सापाला गार्टर समजून गांडुळे घातली, तर तो तोंड लावणार नाही, त्याला हवेत बेडूक आणि मासे. मालक म्हणेल, साप आजारी आहे. साप आजारी नाही, पाहुण्याची जात ओळखल्याशिवाय पान वाढले गेले आहे!

अमेरिकेत, जेथे राज्याच्या कायद्याने परवानगी असेल तेथे, असा साप सांभाळणाऱ्यांनी अनुभवाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. गांडुळे जमिनीतली, स्वच्छ, औषधे न फवारलेल्या जागेतली द्यावीत. खतासाठी पोसतात ती तांबडी, दुर्गंधी द्रव सोडणारी गांडुळे टाळावीत, ती सापाला बाधतात. आपल्याकडच्या गांडूळखताच्या खड्ड्यात बहुधा हीच जात असते. नुसत्या गांडुळांवर न राहता मासा आणि गोठवून पुन्हा कोमट केलेले उंदराचे पिलू अशी पाळी लावावी. उंदीर नको म्हणत असेल तर त्याला गांडुळाचा वास चोळावा, म्हणजे साप फसतो आणि खातो. घास सापाच्या अंगाच्या जाडीहून फार मोठा नसावा. पिलांना तीन-चार दिवसांनी, मोठ्यांना आठवड्याने खाणे पुरते. रातकिडे, भाकरी, पालेभाजी, दूध यांतले काहीही देऊ नये. ताजे पाणी मात्र नेहमी असावे, आणि खोक्याची एक बाजू उबदार असावी, कारण सापाचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. थंडीत खाल्लेला घास पोटातच कुजतो.

आणि दुधाचे? साप सस्तन नाही. त्याच्या जन्मात दूध कोठेच नाही, त्यामुळे ते पचवण्याची सोयही त्याच्या पोटात नाही. मग नागपंचमीला नाग दूध पिताना दिसत असे ते काय? गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवी. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते ओले पिई. आपण त्याला भक्ती समजत होतो, ती तहान होती. सणाला माझा विरोध नाही. ज्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नाही, बाई विळीवर चिरीत नाही, का तर भूमीतल्या जिवाला इजा होऊ नये, तो सण सुंदरच आहे. वारुळापाशी हळदकुंकू वाहावे, मातीच्या नागाला नैवेद्य दाखवावा. जिवंत नागाला दूध पाजू नये, एवढेच. सणाच्या मूळ अर्थाला तेच धरून आहे.

आता आपल्यापुरता कायदाही सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या सापांना संरक्षण दिले आहे. नानेटी असो, धामण असो, नाग असो, रानातला साप पकडून घरी पाळणे आपल्याला मना आहे. म्हणून जाळ्यात अडकलेला, विहिरीत पडलेला किंवा जखमी साप दिसला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवावे, तो येईपर्यंत मुले-कुत्री दूर ठेवावीत, आणि काही खाऊ घालू नये. साप दोन-चार दिवस, प्रसंगी कित्येक आठवडे, उपाशी राहू शकतो. उपासाने तो मरत नाही, चुकीच्या घासाने मरतो. आणि कोणाला साप चावला, तर ओळख पटवण्यात वेळ घालवू नये. चावलेला भाग स्थिर ठेवून माणसाला सरळ दवाखान्यात न्यावे. मंत्रात नव्हे, प्रतिसर्पविषाच्या लशीतच जीव आहे.

या साऱ्या इतिहासातून एक धागा निघतो. लिनियसने खवले मोजले, आइकमानने कोंबडीकडे पाहिले, ग्रिन्सने तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली, बर्गहार्टने कापसाचा बोळा पुढे धरला. यांतल्या कोणीही ‘हे तर सगळ्यांना माहीतच आहे’ असे म्हणून पुढचे पाऊल थांबवले नाही. शिक्षकबंधूंनो, पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी नानेटी दिसली, तर मुलांना हाताच्या अंतराहून चांगले दूर उभे करा आणि विचारा : पट्टे किती? डोके मानेहून रुंद आहे का? ती कोठे चालली, आणि तेथे बेडूक आहेत का? काठी न उचलता एवढी तीन उत्तरे मुलांनी वहीत लिहिली, तर त्या दिवशीचा विज्ञानाचा तास सार्थकी लागला. आणि नानेटीही आपल्या वाटेने, आपल्या घासाकडे निघून गेलेली असेल.